हिला नको

मला राग आला की आधी मी गप्प होते आणि मग बोलते, आणि मी एकदा बोलले की घरात दोन दिवस कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत नाही. वहिनीला हे चांगलं ठाऊक आहे. म्हणून सहलीच्या आदल्या दिवशी तिने मला स्वयंपाकघरात गाठलं, हातातला झारा खाली ठेवला आणि माझं मनगट धरून म्हणाली, "उद्या काहीही होऊ दे, तू तोंड उघडायचं नाहीस. माझी शपथ आहे तुला."

शपथबिपथ मी मानत नाही. पण वहिनी तेव्हा जेवणावरून उठून जायची, भाजी निवडता निवडता मध्येच थांबायची, भिंतीकडे बघत बसायची. तिला नाही म्हणवेना. मी बरं म्हटलं आणि त्या क्षणापासून फसले.

सगळा घोर भिंगरीचा होता. भिंगरी ही दादा-वहिनीची मुलगी, माझी भाची. जन्मल्यापासून एका जागी टिकली नाही म्हणून हे नाव मीच ठेवलं. तिला ऐकू येत नाही. कानामागे मशीन आहे, पण त्यातून ट्रकचा हॉर्न आणि पातेलं आपटल्याचा आवाज पोहोचतो, माणसाचं बोलणं पोहोचत नाही. ते ती ओठांवरून वाचते. घरात आमच्या आम्ही ठरवलेल्या हातांच्या खुणा आहेत. दादाची खूण मिशी, आजोबांची खूण चष्मा, आणि माझी खूण म्हणजे नाकाच्या शेंड्यावर बोट, कारण राग तिथेच बसलेला असतो असं घरातल्या सगळ्यांचं एकमत आहे.

बोलताही येतं तिला. वहिनीने शिकवलंय, स्वतःच्या गळ्यावर तिचा हात ठेवून, एकेक शब्द, वर्षानुवर्षं. आवाज जरा वेगळा निघतो, एवढंच. शाळेत पहिल्याच आठवड्यात ती हजेरीला "हजर" म्हणाली आणि अख्खा वर्ग फिदीफिदी हसला. तेव्हापासून त्या शाळेत तिने तोंडातून अवाक्षर काढलेलं नाही. हजेरीला हात वर करते आणि उत्तरं फळ्यावर जाऊन लिहिते.

तिच्या मुख्याध्यापिका, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, त्यांना ही मुलगी पहिल्यापासून नकोच होती. तोंडावर कधी म्हणाल्या नाहीत, तेवढं शहाणपण आहे त्यांच्यात. या वेळी मात्र त्यांनी वहिनीला बोलावून सांगितलं की इतिहासाची सहल राजवाड्यात जाणार आहे, तिला नेऊन बघू. नीट पार पडलं तर उत्तम, आणि काही गडबड झाली तर पुढच्या वर्षी तिच्यासारख्या मुलांच्या शाळेचा विचार करा. तिच्यासारख्या मुलांची शाळा दूरच्या शहरात आहे. तिथे वसतिगृहात राहायचं आणि मोठ्या सुट्टीत घरी यायचं. वहिनीच्या जेवणावरून उठण्याचं कारण हे.

वर आणखी एक अट, घरचं कोणीतरी सोबत हवं. दादा कामासाठी बाहेरगावी, वहिनीची रजा संपलेली, म्हणून माझी नेमणूक झाली. मी इस्पितळात ऑपरेशन थिएटरची नर्स आहे. एका मैत्रिणीशी पाळी बदलून घेतली, त्यापायी तिची सगळी कुरकुर ऐकून घेतली, आणि सकाळी भिंगरीचा हात धरून बसमध्ये चढले.

आम्हाला ड्रायव्हरच्या मागची सीट मिळाली. त्याच्या डोक्यावर एक लांबलचक आरसा होता, त्यात सगळी बस दिसायची, आणि भिंगरीला तो आरसा म्हणजे खजिनाच सापडला. मागच्या पोरांचे ओठ त्यात वाचून ती मला खुणांनी बातम्या पुरवायला लागली. दोन वेण्यावालीने आईला न सांगता चॉकलेटचं पाकीट आणलंय. मागच्या बाकावरच्या दोघांची पैज लागलीय, राजा झोपताना मुकुट काढायचा की नाही. एक मुलगा म्हणतोय की पुढची ती बाई कोण, हिची आई तर नाही, आई बरी आहे. मी भिंगरीला चिमटा काढला, तशी ती खिदळली.

इतिहासाच्या बाई अर्ध्या बसमध्ये उभ्या राहून सूचना देत होत्या. कशाला हात लावायचा नाही, रांग मोडायची नाही, प्रश्न शेवटी विचारायचे. बाई तशा मन लावून शिकवणाऱ्या आहेत असं वहिनी सांगते, असतीलही. पण सगळं बोलणं चाललं होतं ते भिंगरीच्या पाठीमागून. वर्षभर वर्गात ही मुलगी आहे आणि अजून हिच्याशी बोलताना समोर यावं लागतं हे यांच्या डोक्यात शिरलेलं नाही, हे बघून माझं तिथेच डोकं सटकलं. शपथ आठवली. मी बाईंच्या सूचना हातांनी भिंगरीला सांगितल्या आणि खिडकीबाहेर बघत बसले.

राजवाडा मोठा होता हे सांगायला नकोच. आत शिरल्यावर एक खिडकी होती, तिथे प्रत्येकाला ऑडिओ गाईड मिळायचा. गळ्यात अडकवायची डबी, तिला कानात घालायची वायर, दालनात शिरलं की माहिती ऐकू येणार आणि ती संपली की पुढच्या दालनात चला म्हणणार. बाई एकेका मुलाला पुढे करत होत्या आणि खिडकीतली मुलगी एकेक डबी गळ्यात घालत होती. भिंगरीची पाळी आली. तिने हात पुढे केला होता, मान वाकवली होती. आणि बाई खिडकीतल्या मुलीला म्हणाल्या, "हिला नको. हिला काय उपयोग?"

त्या मुलीने डबी परत खुंटीला लावली. भिंगरीने पुढे केलेला हात तसाच वर नेऊन डोकं खाजवलं, जणू काही डोकंच खाजवायचं होतं. हे तिने बाईंचे ओठ वाचून केलं की नुसतं बघून, ते मला कळलं नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उपयोग नाही हे मलाही कळतं हो. पण गळ्यात घालायला काय बिघडत होतं? सगळ्यांच्या गळ्यात आहे, हिच्याही असू दे, एवढी साधी गोष्ट. मी दात आवळून उभी राहिले आणि मनातल्या मनात वहिनीच्या शपथेला दोन शिव्या हासडल्या.

नंतर कळलं की मलाही आत जायचं नाही. गटाचं तिकीट मुलांचं आणि शिक्षकांचं, पालकांनी बागेत थांबायचं. मला आणलं होतं हिच्यासोबत राहायला, आणि बसवलं बागेत, फुलझाडांवर लक्ष ठेवायला. मी विचारलं की मग मी आलेच कशाला, तर बाई हसून म्हणाल्या, आम्ही आहोत ना. भिंगरीने दारातून मागे वळून माझ्याकडे बघितलं, आतली फरशी खराब होऊ नये म्हणून बुटांवर चढवलेल्या कापडी पिशव्या घासत दोनदा घसरून दाखवलं, आणि आत गेली.

बाकावर बसून मी काय काय केलं ते सांगण्यात अर्थ नाही. बाईंशी मनात तीन वेळा भांडले आणि तिन्ही वेळा जिंकले. उन्हं उतरायला लागली, फाटकावरच्या माणसाने नवीन लोक घेणं बंद केलं, आणि बऱ्याच वेळाने पोरांचा गलका बाहेर आला. दाराशी खिडकीतलीच मुलगी टोपली घेऊन उभी होती. पोरं डब्या काढून टोपलीत टाकत होती आणि बसकडे पळत होती. तिने टोपलीतल्या डब्या मोजल्या आणि बाईंना सांगितलं की पूर्ण आहेत. बाईंनी हुश्श केलं आणि म्हणाल्या, चला.

मी सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली. भिंगरी नव्हती. पुन्हा फिरवली. बसमध्ये चढून सीटखाली वाकून बघितलं, कारण ती लपतेही कधीकधी. दोन वेण्यावालीला धरून विचारलं. ती म्हणाली की भिंगरी पाट्या वाचत होती, सगळ्या दालनातल्या सगळ्या पाट्या, आणि आमच्या कानात पुढे चला म्हटलं की आम्ही पुढे जायचो. मी बाईंकडे गेले आणि सांगितलं की भिंगरी आली नाही.

"असेल इथेच. सगळे बाहेर आलेत," बाई म्हणाल्या. "मशिनं पूर्ण आहेत."

मी हळूच विचारलं. खरंच हळू, शपथेत प्रश्न विचारायला बंदी नव्हती. "तिला मशीन दिलंच कुठे होतं तुम्ही?"

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. तेव्हा त्यांना उमगलं की आत जाताना डब्या दिल्या तेव्हापासूनच ही मुलगी त्यांच्या हिशोबात नव्हती. आकडा बरोबर येणारच होता, ती आत असली तरी आणि बाहेर असली तरी. आमच्याकडे पोट शिवायच्या आधी आत घातलेला कापसाचा बोळान् बोळा मोजतात. एक कमी भरला तर सर्जन कितीही ओरडू दे, टाका पडत नाही. कापसाच्या बोळ्याची ही पत. आणि इथे जितंजागतं लेकरू, तर त्याच्याऐवजी यांनी डब्या मोजल्या.

तेवढ्यात बाई सावरल्या. माणूस घाबरला की कसा सावरतो ते मी रोज बघते, आधी दुसऱ्याकडे बोट दाखवतो. म्हणाल्या की गटाबरोबर राहायला सांगितलं होतं, कुठेतरी भटकली असेल, ती ऐकतच नाही ना. हे शेवटचं त्या सहज बोलून गेल्या. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण भांडायला वेळ नव्हता, मी दाराकडे धावले.

दार बंद झालं होतं. पहारेकरी कडीला कुलूप घालून निघायच्या तयारीत होता. मी म्हटलं आत मुलगी राहिलीय, उघडा. तो म्हणाला शक्यच नाही, मी दिवे घालवण्याआधी प्रत्येक मजल्यावर ओरडून विचारलं, कोणी आहे का, आणि कोणी ओ दिली नाही. मी सांगितलं, तिला ऐकू येत नाही. तो म्हणाला, मग ती आत नसेलच, नाहीतर दिसली असती. तुम्ही बघितलंत का, असं विचारल्यावर मात्र त्याने टोपी काढून डोक्यावर हात फिरवला. नुसतं ओरडला होता. बघायला गेलाच नव्हता.

बाहेरच्या कुलपाची किल्ली त्याच्याकडे, पण आतल्या दालनांच्या किल्ल्या व्यवस्थापकाकडे, आणि व्यवस्थापक मागच्या इमारतीत. त्याच्याशिवाय दार उघडायचं नाही असा नियम, म्हणून त्याला बोलावणं गेलं. आम्ही उभे. बाई फोनवर एकेका पालकाला जरा उशीर होईल, जरा उशीर होईल म्हणून सांगत होत्या. मला राहवेना. मी दोन्ही हातांनी दार बडवायला लागले. पहारेकरी मध्ये आला आणि म्हणाला, मॅडम, जपून, फार जुनं लाकूड आहे. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो दोन पावलं मागे सरकला. मग माझ्याच लक्षात आलं की मी कोणासाठी बडवतेय. आतल्या पोरीला थोडंच ऐकू जाणार होतं? मी हात खाली घेतले.

दिवे घालवले होते, आणि ते मला सगळ्यात जास्त खात होतं. तुम्हाआम्हाला अंधार म्हणजे दिसत नाही, एवढंच. भिंगरीला अंधार झाला की ओठ गेले, हात गेले, कोणी शेजारी आलं तरी कळणार नाही. तिच्या खोलीत रात्रभर दिवा असतो. वीज गेली की ती अंथरुणातून उठून चाचपडत माझा नाहीतर वहिनीचा चेहरा शोधते आणि त्यावर हात ठेवूनच बसते. त्या वाड्यात तिला हात ठेवायला कोणाचा चेहरा होता? भिंतींवरच्या राजांचे, दोरीपलीकडचे.

व्यवस्थापक आला, किल्ल्यांचा जुडगा घेऊन, हळूहळू, जेवण झाल्यासारखा. मी त्याच्या हातातून जुडगा हिसकावून घेणार होते. एकेक दालन उघडायचं, दिवा लावायचा, आत बघायचं. हत्यारांचं दालन, तसबिरींचं दालन, लांब टेबलाचं दालन, पलंगाचं दालन. प्रत्येक वेळी दिवा लागला की माझा जीव वर यायचा आणि रिकामी जमीन बघून परत खाली जायचा. बाई माझ्यामागून येत होत्या आणि भिंगरीला हाका मारत होत्या. मोठमोठ्याने.

ती सिंहासनाच्या दालनात सापडली. दोरी ओलांडून आत, सिंहासनाच्या चौथऱ्याला पाठ टेकवून, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. मागे भक्कम काहीतरी असलं की पाठीमागून कोणी येत नाही, म्हणून. एक बूट पायात होता आणि एक हातात. दिवा लागला तसे तिने डोळे मिटले आणि लगेच उघडले, आणि मला बघून दोन्ही हात पुढे केले. खालचा ओठ चावून चावून सुजला होता.

आणि पहारेकऱ्याच्या तोंडून पहिला शब्द काय निघाला असेल? "दोरीच्या आत कशी गेलीस तू?"

मी दोरी उचलली, तिच्या खालून वाकून गेले आणि पोरीला उचलून घेतलं. आता ती मोठी झालीय, उचलवत नाही, तरी उचललं. तिने माझ्या चेहऱ्यावर दोन्ही हात ठेवले. हात बर्फासारखे गार होते. बाहेरच्या पायऱ्यांवर मी तिला खाली बसवलं, बूट घातला, आणि तिने हातांनी सगळं सांगितलं. राजाच्या आधी त्याचं अन्न चाखणाऱ्या माणसाची एक मोठी पाटी होती, खांबाच्या मागे. भिंगरी ती वाचत होती, कारण त्या माणसाचं पुढे काय झालं ते शेवटच्या ओळीत होतं. वाचून वळली तर कोणी नव्हतं. मग काळोख झाला. तिने बुटाने दार वाजवलं, मग खिडकी वाजवली.

"मी ओरडले," तिने खूण केली. "पण किती मोठ्याने ओरडले ते मला माहीत नाही."

मी तिची वेणी सारखी केली. डोळ्यांतलं पाणी तिला दिसू नये म्हणून वाकून बुटाची नाडी परत एकदा बांधली, बांधलेली असताना.

बसच्या पायरीशी बाईंनी मला बाजूला घेतलं. माझी दया केव्हाच संपली होती. त्या म्हणाल्या की हे बघा, मोठ्या बाईंच्या कानावर घालावं लागेल, आणि घातलं तर काय होईल ते तुम्हाला माहीत आहे. तिने शिस्त मोडली, गट सोडला. मुलं उपाशी आहेत, पालक चिडलेत. पण तिने सगळ्यांसमोर माफी मागितली तर मुलांच्याही मनातलं निघून जाईल, मग मी उशिराचं खापर रस्त्यातल्या गर्दीवर फोडीन, विषय संपला. पुढे म्हणाल्या, तिच्या भल्यासाठीच सांगतेय.

काय सोय लावली होती बघा. चूक यांची, आणि झाकायची ती पोरीच्या माफीने. मी तोंड उघडलं असतं तर त्या बाई तिथेच रडल्या असत्या, एवढं माझ्या जिभेवर येऊन थांबलं होतं. आणि उद्या मोठ्या बाईंच्या टेबलावर गेलं असतं की मुलगी भटकते आणि घरची माणसं अंगावर येतात. वसतिगृह, दूरचं शहर, लोखंडी कॉट आणि कोपऱ्यातला अंधार. मी मान हलवली. हो म्हणून हलवली, खोटं कशाला सांगू.

आम्ही परत ड्रायव्हरच्या मागे बसलो. बसमधले दिवे लागले होते. पोरं कंटाळून गप्प झाली होती, काहीजण भिंगरीकडे मान वाकडी करून बघत होती. बाई मधल्या वाटेत उभ्या राहिल्या, सकाळी होत्या तिथेच, आमच्या पाठीमागे. आणि तिच्या पाठीला म्हणाल्या, "ऊठ बाळ. तुझ्यामुळे सगळ्यांना उशीर झाला. सगळ्यांची माफी माग."

भिंगरी समोर बघत होती. मी सीटवर अर्धी मागे वळून बाईंकडे बघत होते. बाईंनी मला हाताने इशारा केला, सांगा तिला. म्हणजे हे काम पण माझंच. तिला अंधारात कोंडून वर माफी माग म्हणायचं, आणि ते म्हणायचं ते माझ्या हातांनी. हेच हात ज्यांनी तिला पहिली खूण शिकवली, दुधाची.

मी भिंगरीच्या खांद्याला हात लावून तिला माझ्याकडे वळवलं. वहिनीचा चेहरा डोळ्यांसमोर आणला. हात वर केले. आणि हातांनी माझं ऐकलं नाही. त्यांनी सांगितलं, बाई तुझी माफी मागतायत. तुला आत विसरल्या म्हणून.

भिंगरी माझ्याकडे बघत राहिली. मला भीती, की आता ती नुसती मान हलवेल, बाईंना वाटेल मी सांगितलंच नाही, आणि सगळं मुसळ केरात. तिने पुढच्या दांड्याला धरलं आणि सीटवर गुडघे टेकून मागे वळली. अख्ख्या बसकडे तोंड करून. गळ्यावर हात ठेवला, वहिनीने शिकवलं होतं तसा. आणि बोलली.

"असू द्या, बाई. पुढच्या वेळी मलाही मोजा."

शब्द जाड होते, एकात एक अडकलेले. पण कळले नाहीत असा एकही जण त्या बसमध्ये नव्हता. कोणी हसलं नाही. मागच्या बाकावरचा पैजवाला मुलगा तोंड उघडं टाकून बसला होता. मग दोन वेण्यावाली उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही तिला मशीन दिलंच नव्हतं." तिच्याशेजारची म्हणाली की हो, मी पण बघितलं, मागे माझा नंबर होता. आणि एकेक करून सगळ्यांनी बाईंकडे माना वळवल्या.

बाई उभ्या होत्या तशाच जवळच्या रिकाम्या सीटवर बसल्या. माफी तर मागवलीच नाही त्यांना, अजूनही नाही. मग खाकरून ड्रायव्हरला म्हणाल्या की गाडी काढा, आणि गाडी निघाली.

मी माझ्यावरच खूश होते. काय खोटं बोललेय, आणि कसं लागू पडलंय. भिंगरीच्या गुडघ्यावर थाप मारली. तिने माझा हात उचलून बाजूला ठेवला आणि बोटांनी विचारलं, आत्या, तू खोटं का सांगितलंस?

मी विचारलं, कसलं खोटं?

तिने हनुवटीने वर दाखवलं. ड्रायव्हरच्या डोक्यावरचा आरसा. त्यात सगळी बस दिसत होती, आणि मध्ये, दिव्याच्या बरोबर खाली, बाई. सकाळपासून ती त्या आरशात वाचत होती आणि मलाच विसर पडला होता. तिने बाईंचा शब्दन् शब्द वाचला होता. उशीर, माफी, सगळं. माझे हात हलायच्या आधीच तिला माहीत होतं.

मग तू असं का बोललीस, मी विचारलं.

तिने नाकाच्या शेंड्यावर बोट ठेवलं, माझी खूण. आणि तेच बोट काढून स्वतःच्या छातीवर टेकवलं, म्हणजे तुझा राग माझ्यातही आहे. मग खिडकीला डोकं टेकून झोपून गेली, सुजलेला ओठ उघडा टाकून.

शाळेपाशी उतरताना बाई दाराशी उभ्या होत्या. या वेळी मुलांच्या डोक्यावर हात ठेवून ठेवून मोजत होत्या. भिंगरीच्या डोक्यावर ठेवला, तिथे हात जरासा थांबला. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सोमवारी वेळेवर पाठवा तिला." मी बरं म्हटलं. मोठ्या बाईंपर्यंत रस्त्यातली गर्दीच गेली, बाकी काही गेलं नाही. पण पोरांच्या घरी काय काय गेलं असेल ते बाईंना माहीत, आणि त्यांना ते माहीत आहे याचं मला बरं वाटतं. माझा राग गेलेला नाही. जाऊ देणारही नाही.

वहिनी दारातच उभी होती. तिने आधी मुलीला जवळ घेतलं, तिचा ओठ बघितला, मग माझा चेहरा बघितला आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं. आधी तिने तेच विचारलं ज्याची तिला भीती होती. बोललीस का कोणाला काही?

"मी नाही बोलले," मी म्हटलं. "तुझी मुलगी बोलली."

वहिनीला क्षणभर कळलंच नाही. मग तिचा हात आपोआप स्वतःच्या गळ्याकडे गेला. "तोंडाने?" तिने विचारलं. "सगळ्यांसमोर? किती मोठ्याने?"

भिंगरी तिच्या ओठांकडे बघत होती. उत्तर तिलाही हवं होतं, म्हणून मी तिच्याकडे तोंड करून, सावकाश सांगितलं.

"अगदी मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं."